पावणेचार इंचांची रिळं : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आत्याने बाबांना ओवाळलं, जेवणं झाली आणि मग तिने मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. इंदुरातल्या रामबागेच्या या घरात ती ट्रंक मी लहानपणापासून बघते आहे, पण उघडलेली आजच पाहिली. आत आजोबांची टेपची रिळं, एकूण अकरा. प्रत्येक खोक्यावर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख, राग, गाणाऱ्याचं नाव आणि कोपऱ्यात एकच आकडा : ३¾.

म्हणजे सेकंदाला पावणेचार इंच. १२०० फुटांचं सात इंची रीळ या गतीला एका बाजूला ६४ मिनिटं चालतं. साडेसातला तेच ३२ मिनिटं आणि पंधराला जेमतेम १६. आजोबा घरच्या बैठका रेकॉर्ड करत. विलंबित ख्याल ऐन रंगात आला असताना रीळ बदलायला उठायचं नाही, म्हणून त्यांनी ही गती घेतली असणार. इंदुरात आकाशवाणीचं केंद्र १९५५ पासून आहे, मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं तिथे झाली आणि सांभाळली गेली. पण दिवाणखान्यात सतरंजीवर बसून जे गायलं गेलं, ते अशा पावणेचारच्या रिळांवरच राहिलं.

त्यातल्या पाचव्या रिळावर आजी आहे. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचं गाणं मी ऐकलेलं नाही.

माझ्याकडे स्टुडिओतलं जुनं मशीन आहे, सहा वर्षांपूर्वी भंगाराच्या भावात घेऊन मामांच्या मदतीने चालू केलेलं. दोन ट्रॅकचं, तीन मोटरींचं, उत्तम. गती दोनच : पंधरा आणि साडेसात. पावणेचार नाही.

५ नोव्हेंबर

काही वाजवायच्या आधी नुसतं बघणं. रीळ दिव्यासमोर आडवं धरलं की अ‍ॅसिटेटची टेप कडेने अर्धपारदर्शक दिसते, पॉलिएस्टरची काळीठिक्कर राहते. दोन रिळं अ‍ॅसिटेटची निघाली. क्रमांक ९ च्या खोक्याला व्हिनेगरचा वास आहे, म्हणजे टेपचा पाया विघटित होऊ लागला आहे. हा वास एकाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून ते वेगळ्या डब्यात ठेवलं. अ‍ॅसिटेट तुटतं ते काचेसारखं सरळ तुटतं आणि पुन्हा जोडता येतं. पॉलिएस्टर ताणलं जातं, आणि ताणलेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. त्यामुळे मला काळजी पॉलिएस्टरचीच जास्त आहे.

जुने जोड वाळून सुटले आहेत. चिकटपट्टीचा डिंक शेजारच्या वेटोळ्यांवर पसरलाय. हे काम हातानेच, रोज थोडं थोडं.

१० नोव्हेंबर, रविवार

मामा सकाळी पोहे-जिलेबी घेऊन आले आणि दुपारपर्यंत बसले.

सोपा मार्ग आम्ही आधी तपासला. टेप साडेसातला वाजवायची, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात घ्यायची आणि संगणकाला सांगायचं की ही फाइल ४८ ची आहे. गती निम्मी झाली, काम झालं. याला मी नावं ठेवणार नाही, हिशोबाने ते बरंच जमतं. वाजवताना मशीन उंच आणि खालच्या स्वरांचा तोल दुरुस्त करतं, साडेसातला उंच स्वरांसाठी ती दुरुस्ती ५० मायक्रोसेकंदांची. निम्मी गती केली की ती १०० होते आणि पावणेचारला हवी ९०. उंच स्वरांत फरक एका डेसिबलच्याही आत. खालच्या स्वरांच्या दुरुस्तीत मात्र ३१८० चे ६३६० होतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या खालचा घुमारा फुगतो, अगदी तळाशी सहा डेसिबलपर्यंत. तेही नंतर काढता येतं.

तरी मला तो मार्ग नको. टेप चालू असताना हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन कानाने लावावा लागतो, आणि दुप्पट वेगात चिरकणाऱ्या आवाजावर तो कसा लावायचा? तानपुऱ्याची जवार उघडली की मिटली, ते मूळ गतीतच कळतं. शिवाय आत्याला समोर बसवून ऐकवायचं आहे. फाइल तयार झाल्यावर नाही, टेप फिरत असताना.

दुसरा मार्ग कॅप्स्टनचा. टेप ओढणारा हा दांडा निम्म्या जाडीचा केला तर गती निम्मी. पोलोग्राउंडचा खरादवाला तो आनंदाने कातून देईल. पण कातलेलं लोखंड परत येत नाही आणि मशीनच्या मूळ दोन गती कायमच्या जातात. नको.

मामा म्हणाले, "अगं, मोटरला कशाला छळतेस? तिच्या घड्याळाला सांग."

तिसरा मार्ग तोच. या मशीनमध्ये कॅप्स्टन मोटरवर दातेरी चाक आहे. त्याच्या ठोक्यांची स्फटिकाच्या संदर्भ-ठोक्यांशी तुलना होते आणि त्यावर मोटर पळते. ऑसिलोस्कोपवर पाहिलं : पंधराला संदर्भ ४८०० हर्ट्झ, साडेसातला २४००. तो १२०० केला की मोटर आपोआप निम्म्यावर यायला हवी. ठरलं. नियम एकच : मशीनच्या सर्किटच्या पट्टीवर एकही भोक नाही, एकही रेघ कापायची नाही. जे लावू ते उद्या काढता आलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर

महाराणी रोडवरून ४०१३ घेतली, दोन फ्लिप-फ्लॉपची साधी चिप. उलटा आउटपुट तिच्याच डेटा पिनला जोडला की येणाऱ्या ठोक्यांना दोनने भागते. छोट्या पट्टीवर ती बसवली, संदर्भाची तार सॉकेटमधून काढून तिच्यातून फिरवली आणि एक स्विच लावला. डाग द्यायला अर्धा तास, तपासायला दोन.

चालू केलं. मोटर पहिल्यांदा थोडी कचरली, मग स्थिरावली.

१७ नोव्हेंबर, रविवार

गती खरंच पावणेचार आहे का? साडेसातला भरलेला १००० हर्ट्झचा सूर आता ५०० ला वाजतो. पण त्यातून फक्त निम्मी झाली एवढंच कळतं, मुळातली साडेसात बरोबर होती का ते कळत नाही. म्हणून जुनी खात्रीची रीत वापरली. पावणेचार इंच म्हणजे ९५.२५ मिलिमीटर, तेव्हा शंभर सेकंदांत ९.५२५ मीटर टेप गेली पाहिजे. गच्चीवर मेजरिंग टेप पसरली, रिकाम्या टेपवर दोन टोकांना पांढऱ्या लीडरचे, म्हणजे कोऱ्या प्लॅस्टिक पट्टीचे, तुकडे जोडले आणि ते हेडसमोरून जाताना वेळ घेतली. पाच वेळा. सरासरी १००.१ सेकंद. समाधान.

पण सूर डगमगतो. साडेसातला ६३०० हर्ट्झ भरून पावणेचारला वाजवला की ३१५० मिळतो, त्यावर चढउतार मोजला : ०.२४ टक्के. साडेसातला हेच मशीन ०.०६ दाखवतं. कारण उघड आहे. कॅप्स्टनचं जड चाक निम्म्या वेगाने फिरतं तेव्हा त्यात साठलेली ऊर्जा निम्मी नाही, चौथाई होते. आणि दातेरी चाकाचे ठोके निम्मे झाले, म्हणजे चूक लक्षात यायला दुप्पट वेळ लागतो. बासरी किंवा तानपुरा ०.२४ ला लाटांवर बसल्यासारखा ऐकू येईल.

२३ नोव्हेंबर

चार संध्याकाळी सर्वोच्या, म्हणजे मोटरची गती सांभाळणाऱ्या सर्किटच्या, गाळणीत गेल्या. कपॅसिटर ०.४७ वरून १ मायक्रोफॅरड केला आणि जोडीचा रेझिस्टर तीनदा बदलला. टेपला कॅप्स्टनवर दाबणारा पिंच रोलर साफ केला, त्याच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला. आता ०.१३. निम्मा फायदा त्या थेंबाचा होता, हे लिहून ठेवते. सर्किटकडे बघत बसले नसते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

२४ नोव्हेंबर

ताण. हे मशीन साडेदहा इंची रिळांसाठी आणि पन्नासेक मायक्रॉन जाडीच्या टेपसाठी लावलेलं. आजोबांची काही रिळं लाँग प्ले आहेत, टेप ३५ मायक्रॉनची. रिळाच्या मोटरचा जोर तेवढाच राहतो, म्हणून वेटोळं लहान होत जातं तसा टेपवरचा ताण वाढत जातो. सात इंची रीळ भरलेलं असताना जो ताण असतो, तो गाभ्याशी पोहोचेपर्यंत तिप्पट होऊ शकतो. स्प्रिंगच्या छोट्या काट्याने मोजलं : भरल्या रिळाला ९५ ग्रॅम. दोन्ही रिळमोटरींना मालिकेत रेझिस्टर देऊन तो ४५ वर आणला. दोन्ही बाजूंना सारख्याच गाभ्याची रिळं लावायची. जलद गुंडाळणी पूर्ण बंद, शेवटपर्यंत वाजवूनच गुंडाळायचं. तसं केलं की वेटोळीही सपाट बसतात.

१ डिसेंबर, रविवार

आज ध्वनीची दुरुस्ती. टेपवर उंच स्वर किती उचलून भरायचे आणि वाजवताना आणखी किती उचलायचे, याचं प्रमाण प्रत्येक गतीला वेगळं. एनएबी या अमेरिकी प्रसारण संघटनेच्या प्रमाणात साडेसातला ३१८० आणि ५० मायक्रोसेकंद, पावणेचारला ३१८० आणि ९०. माझ्या पट्टीवर ५० कसे येतात ते शोधलं : १५ किलो-ओहम आणि ३.३ नॅनोफॅरड, गुणाकार ४९.५. नव्वदला लागतात २७ किलो-ओहम, गुणाकार ८९.१. म्हणजे १५ च्या मागे १२ जोडायचे आणि मूळ गतीसाठी ते १२ स्विचने शॉर्ट करायचे. दोन्ही चॅनेलना एक टक्क्याचे मेटल फिल्म. एवढंच. पट्टी ज्यांनी आखली त्यांच्याबद्दल आज फार आदर वाटला. प्रत्येक भागाला जागा, प्रत्येक जागेला कारण.

७ डिसेंबर

पावणेचारची प्रमाण-टेप माझ्याकडे नाही. म्हणून हेडसमोर बारीक तारेचं वेटोळं चिकटवलं, त्यात जनरेटरमधून एकसारखा प्रवाह सोडला आणि बाहेर काय येतं ते वाचलं. ९० मायक्रोसेकंदांसाठी १७६८ हर्ट्झला तीन डेसिबल वर आणि १० किलोहर्ट्झला पंधराच्या आसपास हवं. मिळालं २.९ आणि १४.८. पूर्वीच्या ५० ला हेच टोक साडेदहाच्या घरात होतं. तारेच्या वेटोळ्याने विजेची बाजू तपासली जाते. हेडच्या फटीचा आणि झिजेचा हिशोब त्यात येत नाही, तो कानावर सोडला.

८ डिसेंबर, रविवार

पहिलं रीळ. मुद्दाम क्रमांक २ घेतलं, १९६६ च्या गणपतीतलं, पॉलिएस्टर, धडधाकट.

लागलं आणि मन खट्टू झालं. सगळं जणू रजईखालून. गाणारा ओळखू येतो, पण शब्दांच्या कडा नाहीत, तबल्याची चाट नाही.

मामांनी पेचकस उचलला आणि हेडच्या बाजूचा स्क्रू अगदी केसभर फिरवला. खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. तानपुरा बाहेर आला. मग स्वराला जाण्याआधी गायकाने घेतलेला श्वास. मग मागे कुणाच्या तरी बांगड्या.

हे का होतं ते इथे नीट लिहिते, कारण संथ गतीच्या टेपचं सगळं मर्म यात आहे. १० किलोहर्ट्झची एक लहर पंधराच्या गतीला टेपवर ३८ मायक्रॉन जागा घेते, पावणेचारला फक्त साडेनऊ. हेडची फट भरणाऱ्याच्या हेडपेक्षा दहा कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग तिरपी असेल, तर अर्ध्या रुंदीच्या ट्रॅकवर पंधराला अर्धा डेसिबल जातो. पावणेचारला जवळजवळ दहा जातात. धूळही तशीच. टेप आणि हेडमध्ये एक मायक्रॉनचा कण आला तर पंधराला दीड डेसिबल, पावणेचारला साडेपाचच्या वर. म्हणून दर रिळाआधी हेड आयसोप्रोपाइलने पुसायचं आणि दर रिळाला कोन नव्याने लावायचा. मशीनचा कोन ‘बरोबर’ करायचा नाही. आजोबांच्या रेकॉर्डरचा जो कोन होता, तिरपा तर तिरपा, तोच धरायचा. स्क्रूच्या डोक्यावर बारीक रेघ आखली आहे, म्हणजे मूळ जागी परत येता येईल.

एक बरं आहे. टेप उलटून दुसरी बाजू लावणं म्हणजे तिला तिच्याच पातळीत अर्धं वर्तुळ फिरवणं. तिरपी रेघ अर्धं वर्तुळ फिरली तरी तिचा कल तोच राहतो. त्यामुळे माझ्या दोन ट्रॅकच्या हेडवर एका खेपेत दोन्ही बाजू निघतात. डावीकडे सरळ, उजवीकडे उलटी, आणि उलटी ती संगणकात सुलटी करायची. नाजूक टेपला एकच फेरी.

१४ डिसेंबर

रीळ ७ आणि ८ चार ट्रॅकची निघाली. गाण्याच्या पोटातून उलटं बोलणं ऐकू येत होतं, त्यावरून कळलं. माझं हेड दोन ट्रॅक एकदम व्यापतं. घरगुती मशीनचं चार ट्रॅकचं हेड मिळालंय. उंची जुळवायला पोलोग्राउंडहून पितळेची पातळ चकती कातून आणली. ते काम जानेवारीत.

१५ डिसेंबर, रविवार

रीळ ५. आजी.

आवाज स्वच्छ आहे. पण आत्या दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "गाणं आईचंच आहे गं, पण आवाज तिचा नाही. हा कुणा मुलीचा वाटतो."

मला वाटलं, वयामुळे असेल. घरी येऊन टेपवरचा विजेचा गुणगुणाट मोजला. बरोब्बर ५० हर्ट्झ. म्हणजे गती बरोबर. आजीचा षड्ज मात्र २१५.२ येतो. खोक्यावर लिहिलंय ‘काळी चार’, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, आणि काळी चार २०७ ते २०८ च्या आसपास हवी.

मध्यरात्री उठून बसले तेव्हा उलगडा झाला. आजोबांच्या रेकॉर्डरची मोटर विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर, चालणारी होती. वीज मंदावली की मोटरही मंदावणार, आणि गुणगुणाटही त्याच प्रमाणात खाली येणार. दोन्ही एकत्र हलले की टेपवर लहरीची लांबी तीच राहते. त्या संध्याकाळी वीज ४९ ला असो की ४८ ला, मी पावणेचारला वाजवलं की गुणगुणाट ५० च दाखवणार. आपल्याकडे त्या काळात संध्याकाळी सगळे दिवे लागले की वीज ५० च्या खाली उतरायचीच. गुणगुणाटावर गती लावणं म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावणं.

आत्याच्या कानाला मी वय समजले. चूक माझी.

१९ डिसेंबर

दुसरा साक्षीदार हवा होता, विजेवर न चालणारा.

आजोबांची पेटी आत्याकडे आहे. साथीला तीच वाजते आहे, हे आत्याला एका सुराच्या खरखरीवरून ओळखता आलं. काळी चार आज २०९.५ देते. टेपवर २१५.२. गुणोत्तर ०.९७३५. पण पेटीतल्या सुरांच्या पत्त्या पन्नास-साठ वर्षांत उतरू शकतात, म्हणून एवढ्यावर मी थांबणार नव्हते.

मग हेडफोन लावून आलापाच्या आधीची शांतता ऐकली. टिक, टिक, टिक. दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ! तेही अजून तिथेच, त्याच खिळ्यावर. लंबकाला विजेशी देणंघेणं नाही. त्याचा ठोका लंबकाच्या लांबीवर ठरतो, आणि दिवसाला पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळही जेमतेम एक तृतीयांश टक्का चुकतं.

आत्याच्या घरी बसून मोजलं : २०० ठोके, १००.१ सेकंद. टेपवर तेच २०० ठोके ९७.४ सेकंदांत. गुणोत्तर ०.९७३.

पेटी आणि घड्याळ एकाच आकड्यावर आले. त्या संध्याकाळी रामबागेत वीज ४८.७ हर्ट्झच्या आसपास होती आणि आजी जवळजवळ पाव स्वराने वर चढली होती.

२१ डिसेंबर

स्विचला तिसरी जागा दिली : बाहेरचा जनरेटर. १२०० ऐवजी ११६८.२ हर्ट्झ. मोटर तक्रार न करता त्यावर बसली.

२२ डिसेंबर, रविवार

मशीन गाडीत घालून रामबागेत नेलं. मामा, मी आणि शेजारचा मुलगा, तिघांनी उचललं. घड्याळाखाली टेबल लावलं. थंडी होती, आत्या शाल गुंडाळून बसली.

लावलं. पहिल्या आलापातच तिने हात वर केला, थांबवू नका असा. विलंबित संपेपर्यंत एक शब्द नाही. सत्ताविसाव्या मिनिटाला मागून एक बारीक आवाज येतो, "आई, दूध उतू गेलं!" आणि आजी गाता गाता हसते, पण सम सोडत नाही.

"मी," आत्या म्हणाली. "ते माझं दूध होतं. परत लाव."

टेप मागे फिरवायची नाही हा नियम मी आज मोडला. हाताने, सावकाश, दोन्ही रिळं तळव्याने धरून.

रीळ ५ : हेडचा स्क्रू रेघेपासून डावीकडे पाऊण मिलिमीटर, संदर्भ ११६८.२, ताण ४५ ग्रॅम, एक खेप. बाजू २ च्या शेवटी चार मिनिटं रिकामी टेप, नुसतं घड्याळ. तीही पूर्ण घेतली. पुढचं रीळ ६, तेव्हाची वीज वेगळी असणार. आधी ठोके मोजायचे.